कार्बननं कापलेलं फाटक

एका जाडजूड मासिकात लेख आला होता. 'पांढरी धूळ' हा सिनेमा पडला तो सिनेमाच्या नव्हे, बघणाऱ्यांच्या चुकीमुळे, असं त्यात म्हटलं होतं. मूळ कादंबरीवर जीव टाकणाऱ्यांनी सिनेमाला शिव्या घातल्या, कामगार संघटनांनी बहिष्कार टाकला, दिग्दर्शकाला भित्रा ठरवलं. आता इतक्या वर्षांनी त्याचं पुन्हा मोजमाप करायला हवं, वगैरे. आणि मग ती जागा. कारखान्यातली पोरगी मरते, दवाखान्याचं दार बंद होतं आणि लगेच, मधे काहीही नाही, कारखान्याचा भोंगा आणि कामाला लागलेले हात. शोक दाखवायला नकार देणारी अशी झेप आपल्या पडद्यावर दुसऱ्या कुणी घेतली नाही, असं लेखकाचं म्हणणं. 'झेप' हा शब्द त्यानं इतक्यांदा वापरला होता की वाटावं, माणूस सिनेमावर नाही, माकडावर लिहितोय.

ती झेप कात्रीनं घेतलेली होती. कात्री ज्याच्या हातात होती तो आमच्या गल्लीत राहायचा. आईबापांनी ठेवलेलं भारदस्त नाव त्याला होतं, पण त्या नावानं हाक मारली असती तर त्यानं मागं वळूनही बघितलं नसतं. सगळी गल्ली त्याला कार्बन म्हणायची.

कार्बन सिनेमाच्या थिएटरात ऑपरेटर होता. जुन्या मशीनमध्ये दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या. त्या झिजत जातील तशा हातानं पुढं सारायच्या, नाहीतर पडद्यावर अंधार आणि खालून शिव्या. बोटं कायम काळी. रंगही त्यातलाच. "मला अंगच्या उजेडात बघू नका, मी दुसऱ्याला उजेड देणारा माणूस आहे," असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. भांडखोर, फटकळ, फुशारक्या मारणारा. थिएटर बंद पडलं तेव्हा कामगारांच्या बाजूनं मी उभी राहिले, त्यावेळी मालकाशी जेवढं भांडले नाही तेवढं या माणसाशी भांडले. सभेत मी बोलायला लागले की मागून म्हणायचा, "बाई, रीळ बदला, हे आधी झालंय."

बहीणभाऊ दोन खोल्यांत राहायचे. थोरली बहीण, तिला सगळे माई म्हणायचे, तोही. आईबाप लवकर गेले तेव्हा माई स्वतःच फ्रॉकमधली होती. तिनं कार्बनला वाढवलं ते बटणांच्या कारखान्यात मशीनवर बसून. माईचं लग्न कार्बन मार्गी लागेपर्यंत थांबलं, आणि कार्बनचं माईचं होईपर्यंत. असं करत दोघंही राहिली ती राहिलीच. "आमच्या घरात पहिले आप, पहिले आप करत गाडीच निघून गेली," माई म्हणायची.

बटणांचा कारखाना म्हणजे शिंपल्यांचा. पोती भरून शिंपले यायचे, हौदात भिजत पडायचे. कोरडा शिंपला मशीनखाली धरला की तडकतो; भिजवून मऊ झाला की मगच त्यातून गोल चकत्या कापायच्या, घासायच्या, भोकं पाडायची. त्याची धूळ पांढरी. बायका कामावरून निघाल्या की पापण्यासुद्धा पांढऱ्या दिसायच्या. ती धूळ छातीत बसली की निघत नाही. माईच्या शेजारच्या मशीनवर एक पोर होती, खोकत खोकत काम करायची. एक दिवस मशीनवरून उचलून दवाखान्यात नेली ती परत आली नाही. त्या संध्याकाळी बायका फाटकाबाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि सकाळच्या भोंग्यापर्यंत हलल्या नाहीत. मालकाची गाडी आत अडकली. हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर दमला.

यावर पुढं एका शाळामास्तरानं कादंबरी लिहिली. तिचं फाटकाचं प्रकरण आमच्याकडे सभांमधून वाचून दाखवायचे. मलाही पाठ होतं. त्यात बायका घोषणा देतात, मशाली पेटवतात, एक म्हातारी असं भाषण करते की अंगावर काटा यावा. मी त्या प्रकरणावर वाढले. ते वाचून संघटनेत आले म्हटलं तरी चालेल. म्हणून सिनेमात फाटकच नाही हे ऐकल्यावर माझंही डोकं इतरांसारखंच फिरलं होतं, आणि बरीच वर्षं फिरलेलं राहिलं.

आता कार्बननं मला सांगितलं ते सांगते.

सिनेमावाले आले ते थेट गल्लीत. दिग्दर्शक उंच, मान खाली घालून बोलणारा. त्यानं ठरवलं की फाटकाचं प्रकरण खऱ्या फाटकासमोर, खऱ्या बायकांना घेऊन करायचं. नटीला एका कडेला उभं करायचं. त्यानं बायकांना पुस्तकातल्या घोषणा शिकवायला घेतल्या. बायका पाठ करायला लागल्या, माई गप्प. त्यानं विचारलं, "तुम्ही का म्हणत नाही?"

माई म्हणाली, "आम्ही ओरडलो नव्हतो."

"मग काय केलं होतं?"

"काही नाही. उभ्या होतो. मास्तरांनी ओरडायला लावलं ते पुस्तकात. आमच्यात कुणाला श्वास होता ओरडायला?"

दिग्दर्शकानं म्हणे वळून फाटकाकडे बघितलं. मग त्यानं घोषणा काढून टाकल्या, मशाली काढून टाकल्या, म्हातारीचं भाषणही. बायकांना म्हणाला, जशा उभ्या होतात तशा उभ्या राहा. त्याचा मदतनीस मात्र ओरडून सांगत होता, "कॅमेऱ्याकडे कुणीही बघायचं नाही! एकीनं बघितलं तरी सगळं फुकट!"

कॅमेरा एकेकीच्या तोंडावरून हळूहळू सरकत गेला. माईसमोर आला. आणि माईनं बघितलं.

का बघितलं, ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. "वाटलं, ती पोरच समोर उभी आहे," असं एकदा म्हणाली, आणि एकदा म्हणाली, "डोळा खाजला, दुसरं काय."

सिनेमा लागला तो कार्बनच्याच थिएटरात. निर्मात्याची ऐपत एकाच प्रिंटची, तीच पुढं शहरोशहरी फिरणार होती. पहिल्या खेळाला कार्बन केबिनच्या चौकोनी भोकातून बघत होता. फाटक आलं. पडद्यावर पांढऱ्या बायका, आणि आवाज काहीच नाही. ना गाणं, ना वाद्य, ना घोषणा. खालून पहिली हाक आली, "आवाज गेला! ए ऑपरेटर, झोपलास का?" मग बाकं वाजायला लागली. "आवाज! आवाज!" कार्बननं मशीनचा आवाज वाढवून बघितला. मुळात काही नव्हतंच, वाढणार काय? आणि त्याच गोंधळात माईचा चेहरा आला. पडदाभर. पांढऱ्या पापण्या, आणि डोळे थेट थिएटरात.

एक शिट्टी आली. मग दहा. कुणीतरी ओरडलं, "काय बघतेस गं, येऊ का तिकडं?" सगळं थिएटर हसलं.

कार्बन मला हे सांगत होता तेव्हाही त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. "वाटलं, उतरून एकेकाच्या कानाखाली काढावी. पण कांड्या कोण सारणार? मशीन सोडता येत नाही. माझ्याच मशीननं माझ्या बहिणीला लोकांपुढं धरली होती, आणि मी ते भोकातून बघत होतो."

त्याच संध्याकाळी मॅनेजर वर आला. सिनेमा लांब, शेवटचा खेळ उशिरा सुटतो, लोक कंटाळतात. "कुठूनही कापा," तो म्हणाला, "पण कापा."

कुठूनही. हा शब्द लक्षात ठेवा.

असं कापणं त्या धंद्यात नवीन नव्हतं. नियम एवढाच, की कापलेला तुकडा रिळाच्या डब्यात जपून ठेवायचा आणि प्रिंट पुढच्या थिएटरला जाताना परत जागच्या जागी जोडून द्यायचा. ऑपरेटर दारू पितील, मालकाला शिव्या देतील, पण हा धर्म पाळायचे. कार्बननं दवाखान्याचं दार बंद होतं तिथं कात्री लावली आणि भोंग्याच्या आधी दुसरी लावली. मधलं फाटक सबंध उचललं. दोन टोकं जोडली. जोड इतका सफाईदार की पडद्यावर उडीसुद्धा जाणवली नाही. आपल्या हाताचा त्याला तेवढ्यातही अभिमान वाटला. हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगून स्वतःच्या तोंडात मारून घेतलं.

त्याचा बेत असा, की एखाद्या सकाळी थिएटर रिकामं असताना माईला एकटीला आणायचं, मधल्या खुर्चीवर बसवायचं आणि फक्त तो तुकडा दाखवायचा. शिट्टी नाही, कुणी नाही. खुर्चीत माई आणि पडद्यावर माई.

पण माईला कुठं माहीत? सुट्टीचा दिवस आला तशी ती गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन थिएटरात हजर. केस विंचरलेले, कधी नाही ती पावडर. बायका एकमेकींना कोपरानं ढोसतायत, आता येणार, आता येणार. दवाखान्याचं दार बंद झालं. भोंगा झाला. मशीनं सुरू. सिनेमा संपला, दिवे लागले तरी बायका बसून होत्या. वाटलं असेल, नंतर वेगळं दाखवतील.

घरी माईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "मी बघितलं ना रे कॅमेऱ्याकडे. म्हणून काढलं त्यांनी. एकीनं बघितलं तरी सगळं फुकट, असं सांगितलं होतं."

कार्बन घास चावत होता. बोलायची हीच वेळ होती. तो म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे."

माईनं मीठ आणून दिलं.

ही त्या माणसाच्या आयुष्याची गोष्ट आहे. बाकीचं सगळं पुढची भर.

गल्लीतल्या बायकांनी माईला सोडलं नाही. नळावर, कारखान्यात, मयतीत. "हिनं डोळे वर केले आणि आमचं तोंड कापून घेतलं." संघटनेचे पुढारी आणखी पुढचे. घोषणा नव्हत्या असं दिग्दर्शकाला हिनंच सांगितलं हे त्यांना कळलं. मग काय, आमचा लढा पडद्यावरून पुसला तो हिच्या जिभेनं आणि हिच्या डोळ्यांनी! सिनेमा गावोगाव गेला तसा पडत गेला. कादंबरी वाचलेले लोक फाटकाची वाट बघत बसायचे आणि थुंकून बाहेर पडायचे. मालकानं विकत घेतला दिग्दर्शकाला, असं छापूनही आलं.

आणि तुकडा? कार्बननं तो जोडून दिलाच नाही. प्रिंट पुढं जायच्या दिवशी त्यानं जोडायचं सामान काढलं, तुकडा हातात घेतला, उजेडासमोर धरला. माईचे डोळे, एकाखाली एक, बारीक बारीक, ओळीनं. "वाटलं, आता हिला पुढच्या गावात पाठवू? तिथल्या शिट्ट्या खायला?" त्यानं तो पत्र्याच्या डब्यात घातला, झाकणाभोवती चिकटपट्टीचे वेढे दिले, वरून मेणकापड, वर पुन्हा पट्टी. धूळ जायला नको, हवा जायला नको. धुळीनं त्या घरात काय केलं होतं ते त्याला माहीत होतं.

काही महिन्यांनी दिग्दर्शक स्वतः केबिनमध्ये आला. "फाटक कुठं आहे?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. भांडता न येणं हाच त्या माणसाचा गुन्हा.

कार्बन म्हणाला, "मी तर जोडून पाठवलं होतं. पुढच्या कुणीतरी उडवलं असेल."

दिग्दर्शक पुढच्याकडे गेला, त्याच्या पुढच्याकडे गेला. निगेटिव्ह सावकाराकडे अडकली होती ती तिथंच सडली. दुसरा सिनेमा त्याला कुणी दिला नाही. कुठं मेला तेही कार्बनला उशिरा कळलं.

मासिकातला लेख मीच कार्बनला वाचून दाखवला. डोळ्यांत मोतीबिंदू, त्याला अक्षरं दिसत नव्हती. मला वाटलं, दोघं मिळून लेखाला शिव्या घालू, मजा येईल. 'झेप' आली तसा तो हसायला लागला. हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन भिंतीकडे बघत म्हणाला, "बाई, ती उडी माझी आहे." आणि मग वर लिहिलं ते सगळं, एका बैठकीत, मधे माझी एक शिवी सोडता कुणीही काही न बोलता.

मी म्हटलं, "उठा. घरी जा. माईला आत्ता सांगा."

"सांगतो."

"आयुष्य गेलं तिचं, कार्बनकाका! बायकांनी तिला नळावर टोचून टोचून मारलंय. तुम्ही त्याच घरात जेवत होतात!"

"सांगतो म्हटलं ना. पण रिकाम्या हातानं कसं सांगू? ते लेखवाले सिनेमा परत दाखवणार आहेत. प्रिंट आणलीय म्हणे त्यांनी. मी जोडतो. शेवटचा एक जोड. ती पडद्यावर दिसू दे, मग मी तिच्या पाया पडतो."

माणसाला सत्य सांगायला नेहमी एखादं मखर लागतं. मी पुढाऱ्यांत हे रोज बघते.

त्यानं घरी जाऊन माईला सिनेमाला यायचं कबूल करून घेतलं. एवढ्या वर्षांत तिनं थिएटराची पायरी चढली नव्हती. "तुला काहीतरी दाखवायचंय," तो म्हणाला. "काय?" "आलीस की कळेल." माई मला म्हणाली, "म्हातारपणी याला काय सुचलंय? तोंडावर असा भाव, जसं काही लग्न ठरवून आलाय."

मग आम्ही डबा उघडला. संघटनेच्या खोलीत, टेबलावर वर्तमानपत्र पसरून. पट्टीचे वेढे वाळून दगड झाले होते, सुरीनं कापावे लागले. झाकण निघालं आणि खोलीभर व्हिनेगरचा असा वास सुटला की माझे डोळे चुरचुरले. कार्बनला दिसत नव्हतं, पण वास कळला. त्याचा हात तिथंच थांबला.

"गेली," तो म्हणाला.

फिल्मची पट्टी उरलीच नव्हती. एक गठ्ठा होता, काळपट, सुजलेला, कडेला पांढरी भुकटी सुटलेली, एकजीव. नख घालायला फट नाही. त्यानं बोटांनी चाचपलं, कड शोधली, जसा आंधळा दाराची कडी शोधतो. फिल्मला श्वास लागतो, हे त्याला डबा बंद केल्यावर बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या ऑपरेटरकडून कळलेलं होतं. तिच्या अंगातून निघणारी वाफ बाहेर जायला जागा नसेल तर ती स्वतःलाच खाते. उघड्यावर टाकली असती, माळ्यावर उंदरांत फेकली असती, तरी कदाचित वाचली असती. जपली म्हणून मेली.

"तरी वाटायचं, आपला डबा वेगळा असेल," तो म्हणाला.

माईला मात्र यायचं सांगून झालं होतं.

सिनेमा संध्याकाळी होता, कॉलेजच्या सभागृहात. माईनं केस विंचरले होते. ती मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कार्बन. सिनेमा मी पहिल्यांदाच सरळ डोक्यानं बघितला. खरं सांगू? चांगला होता. पुस्तकापेक्षा कमी बोलत होता आणि जास्त बघत होता. शिंपले भिजताना, हात घासताना, पोर खोकताना. जो माणूस एवढं नीट बघतो तो फाटक कसं चुकवेल, हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही त्यावेळी पडला नाही. दवाखान्याचं दार बंद झालं. माईनं खुर्चीचा हात धरला. भोंगा झाला.

तिनं हात सोडला आणि मांडीवर ठेवला. "तेच आहे की," ती हळूच म्हणाली. "हे दाखवायला आणलंस?"

दिवे लागले. लेख लिहिणारा प्राध्यापक व्यासपीठावर आला. पोरगेलासा, गोड बोलणारा, मनानं वाईट नाही. झेप, झेप, झेप. शोकाचं मौन तर सगळेच दाखवतात म्हणाला, या दिग्दर्शकानं मौनसुद्धा नाकारलं. कुणाला प्रश्न?

कार्बन उभा राहिला. मी त्याचा शर्ट ओढला. त्यानं झटकला.

"ती झेप नाही," तो म्हणाला. आवाज तोच, सभेत मागून यायचा तो. "तिथं बायका उभ्या होत्या. मी ऑपरेटर. मी कापलं. परत जोडलं नाही. दिग्दर्शकानं विचारलं तर खोटं बोललो. माझी बहीण होती त्यात, ही बसलीय."

मला वाटलं, आता शिव्या पडतील. पडायलाच हव्या होत्या, त्यासाठीच तो उभा होता. पण प्राध्यापकाचे डोळे चमकले. "काय विलक्षण गोष्ट आहे!" तो म्हणाला. "म्हणजे आपल्या सिनेमातला सर्वांत धाडसी क्षण एका कामगाराच्या हातानं घडला!" आणि त्यानं टाळ्या वाजवल्या. सभागृहानं वाजवल्या. मार खायला गेलेल्या माणसाच्या गळ्यात हार पडला. मी उठून काय काय बोलले ते आता आठवत नाही. माझा माईक बंद केला एवढं आठवतं.

माई टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होती. थेट.

घरी चालत गेलो. कार्बन मागं, आम्ही दोघी पुढं. बरंच अंतर गेल्यावर माई न वळता म्हणाली, "म्हणजे मी आले होते त्यात."

"आली होतीस."

"बघितलं होतं मी कॅमेऱ्याकडे?"

"बघितलं होतंस. त्यांनी काढलं नव्हतं, माई. ठेवलं होतं. सगळ्यात जास्त वेळ कॅमेरा तुझ्यावरच ठेवला होता."

माई थोडं चालली. "मॅनेजरनं नेमकं तेवढंच कापायला सांगितलं?"

इथं तो 'हो' म्हणू शकत होता. मॅनेजर कधीच मेलेला. मी मनात म्हटलं, म्हण हो, मेल्या, एकदा आणखी खोटं बोल. पण त्याचं सगळं आयुष्य चुकीच्या वेळेला गेलं, खरं बोलायची वेळसुद्धा.

"नाही," तो म्हणाला. "कुठूनही काप म्हणाला होता. पण तू आलीस आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. घाणेरडं बोलले. मला ऐकवेना."

माई थांबली.

"शिट्टी त्यांनी मारली," ती म्हणाली, "आणि कापलं मला?"

माई पुन्हा चालायला लागली. "मारू द्यायच्या शिट्ट्या," ती जाता जाता म्हणाली, स्वतःशीच. "दमले असते मारून. आम्ही सबंध रात्र उभ्या राहिलो होतो रे."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, औषध काढून ठेवायची, कपडे धुवायची. मीठ मात्र ताटात आधीच वेगळं वाढलेलं असायचं, मागायला नको म्हणून. कार्बन मला म्हणायचा, "बाई, शिव्या द्यायला सांगा हो तिला. आवाज गेलाय." आणि त्यावर आता हसायचा नाही.

एका सकाळी मी गेले तर कार्बन दारातच बसलेला. आत बादलीत पाणी होतं आणि माई बादलीशी बसली होती. वास आला आणि मला कळलं.

कार्बननं संघटनेच्या खोलीतून घरी आणून दडवलेला डबा तिनं शोधून काढला होता. गठ्ठा बघितला. कडक, काळा, थर एकावर एक चिकटलेले. अशी वस्तू मऊ कशी करायची ते तिला पूर्वीपासून ठाऊक होतं. हाडं झिजेपर्यंत तिनं तेच केलं होतं. तिनं तो पाण्यात घातला होता, शिंपला घालावा तसा. दिवसातून दोनदा पाणी बदलत होती, हौदावर बदलायची तसं.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी कार्बनवर ओरडले. सडलेल्या फिल्मचं चित्र पाण्यात राहत नाही, हे केबिनमध्ये जन्म काढलेल्या माणसाला माहीत नसेल?

"कुठल्या तोंडानं?" तो म्हणाला. "बादलीत घालत होती तेव्हा मी समोरच होतो. वाटलं, तिचं आहे, तिला करू दे. मी कापताना तिला विचारलं होतं का?"

माईनं हात पाण्यात घातले. गठ्ठा खरंच सुटला होता. तिनं अलगद एक पट्टी बाहेर ओढली, बरीच लांब, न फाटता. वर्षानुवर्षं तडकू न देता शिंपला उचलणारे हात ते. पट्टीवरून काळा बुळबुळीत थर घसरला आणि बादलीत गेला. तिनं अंगठ्यानं पुसलं तसं उरलेलंही निघालं. पाणी आधीच शाईसारखं झालं होतं. त्यात सगळ्या बायका होत्या, फाटक होतं आणि तीही होती.

"मऊ पडलं की," ती म्हणाली. मग पट्टी खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरली आणि डोळे बारीक करून बघू लागली. बराच वेळ बघत होती. मी मागं जाऊन उभी राहिले. काचेसारखी स्वच्छ पट्टी, कडेला नुसती भोकं. तिच्यातून समोरची गल्ली दिसत होती, नळ दिसत होता, नळावरच्या बायका.

कार्बननं दारातून विचारलं, "दिसतंय का गं काही?"

त्याला मोतीबिंदू. खरंच दिसत नव्हतं.

माईनं पट्टी खाली घेतली, घडी घालून बादलीच्या कडेवर ठेवली, बादली उचलली आणि मोरीत ओतली.

कार्बन हिवाळ्याच्या आधी गेला. प्राध्यापकाचं त्या सिनेमावर पुस्तक येतंय, मुखपृष्ठावर बंद झालेलं दार आहे असं ऐकते. माई त्याच दोन खोल्यांत आहे. परवा गेले होते तर जेवत होती, एकटी. समोर एका रिकाम्या ताटात चिमूटभर मीठ वाढलेलं होतं.